काकांची तार, काकूंचा कापूस

अहो, ऐकलंत का? जरा इकडे या, कुंपणाच्या अगदी जवळ. त्या बाजूने नका हो, त्यांच्या किचनची खिडकी उघडी आहे. चौदा नंबरच्या काकांनी सिगरेट सोडली म्हणे! म्हणे कशाला, सोडलीच. मागच्या दारापाशी तो राखेचा डबा असायचा ना, त्यात काकूंनी पुदिना लावलाय. मी डोळ्यांनी पाहिला.

तुम्ही म्हणाल, सोडली तर सोडली, त्यात कुजबुजण्यासारखं काय? अहो, सोडली ती कशी, तीच तर गंमत आहे. धाकटी लेक, ती रेडिंगची, ती एका बाजूला, जावई दुसऱ्या बाजूला, काकू देवघरापाशी तोंड फिरवून, आणि काका मध्ये बसून दोन बोटांत एवढीशी तार फिरवताहेत... पण थांबा, असं मधूनच नको. पहिल्यापासून सांगते.

काका तुम्हाला माहीतच आहेत. गिरगावातून आले ते हीथ्रोलाच चिकटले, विमानातली मीटरं दुरुस्त करण्यात जन्म गेला. घरात काही बिघडलं की आधी खोलणार आणि मग विचारणार. आणि सिगरेट कधी पाकिटातली ओढली नाही हो. तंबाखूची थैली, कागद, फिल्टर, सगळं ताटात मांडून बसायचं आणि एकेक वळायची. चहा झाला की वळ, बातम्या लागल्या की वळ. २००७च्या जुलैत इथे पबात ओढायची बंदी आली तेव्हा सगळे सिगरेटवाले शिव्या घालत होते. काका मात्र थंडीत बाहेर उभं राहून, हातमोजे काढून, शांतपणे वळायचे. काकू म्हणायच्या, "ओढण्यापेक्षा वळण्याचाच नाद जास्त." तेव्हा आम्ही हसलो होतो. पण ते वाक्य लक्षात ठेवा हं, पुढे लागणार आहे.

तर काय सांगत होते... हां. मग पॅच झाला, दंडाला खाज सुटली. निकोटीनचं च्युइंगम झालं, ते कवळीला चिकटलं, ते काढताना कवळीच हातात. काकूंनी मला जिन्यात सांगितलं, सांगताना स्वतःच हसत होत्या. मग जावयांनी ती फेकून द्यायची वेप आणून दिली, रंगीत पेनासारखी. स्ट्रॉबेरी आइस! ऐंशीच्या घरातल्या माणसाला! पण काका ओढायला लागले, तंबाखू थोडी कमी झाली, धाकटी खूश. आणि मग गणपती. मंडळाच्या गणपतीला आम्ही सगळे डॉलिस हिलला गेलो होतो. काका बाहेर जाऊन दोन झुरके मारून आले आणि आरतीच्या रांगेत उभे राहिले. पुढच्या बाई मागे वळून म्हणतात, "अय्या, प्रसादाला स्ट्रॉबेरीचं काही केलंय का?" काकूंचा चेहरा असा पडला म्हणता! १९३२ पासूनचं मंडळ ते, पण असा प्रश्न तिथे कधी कुणी विचारला नसेल.

ते झालं त्याच्या पुढच्या वर्षी जूनच्या एक तारखेला, २०२५च्या, त्या फेकायच्या वेप दुकानातून गेल्याच. सरकारने विकायलाच बंदी केली. काका कोपऱ्यावरच्या दुकानात गेले, रिकामा रॅक पाहिला आणि... तुम्ही ओळखलंत. थैली परत बाहेर. धाकटीला फोन कुणी केला ते विचारू नका. मी नाही केला. म्हणजे, मी काकूंना एवढंच म्हटलं की तिला कळायला हवं.

ती पुढच्याच शनिवारी हजर. हातात छापलेले कागद. जेवणाच्या टेबलावर आमटी निवतेय आणि ही वाचतेय. लंडनच्याच क्वीन मेरी युनिव्हर्सिटीतल्या प्रोफेसर पीटर हायेकांनी आठशे शहाऐंशी माणसांवर प्रयोग केला होता, २०१९ साली छापून आला. निम्म्यांना पॅच, गम वगैरे, निम्म्यांना भरता येणारी ई-सिगरेट. वर्षानंतर पाहिलं तर ई-सिगरेटवाल्यांत शंभरातल्या अठरांची सिगरेट सुटलेली, पॅचवाल्यांत दहांचीसुद्धा पूर्ण नाही, नऊ पूर्णांक नऊ. "बाबा, जवळजवळ दुप्पट!" ती म्हणाली. काका म्हणाले, "म्हणजे ब्याऐंशी नापास." तिचं तोंड एवढंसं झालं. पण खरी मजा पुढे. काकूंनी विचारलं, "आणि ते अठरा, त्यांचं हे यंत्र तरी सुटलं का?" तिने पान उलटलं, घसा खाकरला... शंभरातले ऐंशी वर्षानंतरही ओढतच होते. वेप हो, सिगरेट नव्हे. काकूंनी आमटीचं भांडं उचललं आणि गॅसवर ठेवलं. एक शब्द बोलल्या नाहीत. मला तर तिथून उठावंसं वाटत होतं, पण उठले नाही.

धाकटीने बाजू सांभाळली म्हणा. म्हणाली, "आई, ज्याने हे काढलं तो चीनमधला होन लिक, औषधशास्त्रातला माणूस, २००३ साली. त्याचे वडीलसुद्धा सिगरेटवालेच, फुप्फुसाच्या कॅन्सरने गेले. बिनधोक आहे असं कोण म्हणतंय? जळक्या तंबाखूपेक्षा पुष्कळ बरं, एवढंच. आणि दोन्ही चालू ठेवायचं नाही, थैली पूर्ण बंद." काका गप्प. वडिलांचा विषय निघाला की ते गप्पच होतात, त्यांचेही खोकूनच गेले.

तर मग दुकान. हाय स्ट्रीटवरचं ते चकचकीत. मी होते सोबत, मला तिथूनच पुढे धने-जिरे घ्यायचे होते. काउंटरवरचा मुलगा वयाने नातवाएवढा, मानेवर टॅटू. त्याने काकांच्या हातात एवढं मोठं धूड दिलं, ऐंशी वॉटचं, आणि म्हणाला, सरळ छातीत ओढा. काकांनी ओढलं. अहो, सगळं दुकान पांढरं! काकांचा खोकला थांबेना, डोळ्यांतून पाणी, मी पाठ चोळतेय, धाकटी त्या मुलाकडे बघतेय, आणि तो म्हणतो कसा, "नाइस क्लाउड, अंकल."

मग आतून त्याची मालकीणबाई आली, वयाने जाणती, सगळं ओळखलंच तिने. म्हणाली, सिगरेटवाला माणूस आधी धूर तोंडात घेतो आणि मग आत. त्याला ढग नको असतो, घशाला लागायला हवं असतं. त्याला ओढायला घट्ट, बारीक भोकाचं, बारा-तेरा वॉटवर चालणारं यंत्र द्यावं. त्यात बारा मिलिग्रॅमचं लिक्विड, अर्धं ग्लिसरीन, अर्धं ते दुसरं, ग्लायकॉल. मोठ्या ढगवाल्या यंत्रात तीन मिलिग्रॅम घालतात, कारण एका झुरक्यात जातंच किती! त्यात बारा घातलं तर डोकं गरगरतं. इथे वीसच्या वर निकोटीन विकताच येत नाही, बाटली दहा मिलीची आणि टाकीत दोनच मिली, कायदाच आहे तसा. काका एवढा वेळ गप्प होते ते आता पुढे वाकले. ज्याला आपलं काम कळतं अशा माणसापुढे ते नेहमीच वाकतात.

तेव्हा घेतलं ते साधं पॉडवालं. धाकटी म्हणाली, बाबांना सोपं हवं. बटन नको, काही नको, कॉइल जळली की पॉड बदलायचा. बदलायचा म्हणजे तीन पौंड. आणि काकांचं ओढणं तुम्हाला माहीत आहे, आठवडा नाही झाला की जळका वास. दुसऱ्यांदा जळलं तेव्हा काकांनी काय केलं असेल? पकड आणली आणि ते खोललं! रविवारची दुपार, मी कोथिंबिरीच्या वड्या द्यायला गेले होते. टेबलावर वर्तमानपत्र, त्यावर तो फोडलेला पॉड, आणि काका चष्म्यातून बघताहेत. आतून निघालं काय? बोटभर तार आणि चिमूटभर कापूस. एवढंच! काका माझ्याकडे बघून म्हणाले, "ह्याचे तीन पौंड?" त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद मी सून बाळंत झाली तेव्हासुद्धा पाहिला नव्हता.

झालं. दुसऱ्या दिवसापासून एकच धोशा: मला स्वतः बांधता येईल असं हवं. असतं हो तसं. आरटीए म्हणतात त्याला. टाकीच्या तळाशी दोन खांब, त्यांत आपण वळलेली तार अडकवायची, स्क्रू आवळायचे, मधून कापूस ओवायचा, वरून लिक्विड. धाकटीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "बाबा, तुमचा अंगठा शर्टाचं बटन लावताना दुखतो." काका म्हणाले, "बटन तुझी आई लावते. स्क्रू मी लावीन." फोन ठेवला! लेकीचा फोन ठेवला हो! काकू मला म्हणाल्या, "मला वाटलं ती आता रडेल, तर तीही हट्टी, आठवडाभर फोनच नाही."

आणि त्याच आठवड्यात जावयांनी तोंड घातलं. माणूस चांगला आहे, पण घाई फार. सासऱ्यांना खूश करायचं म्हणून कुठूनशी पितळेची नळी घेऊन आले. दिसायला काय सुरेख! मेकॅनिकल मॉड म्हणाले. काकांनी हातात घेतली, वजन पाहिलं, बूड उघडलं, आत डोकावले. "ह्यात सर्किट कुठाय?" जावई म्हणाले, "नाहीच. तीच तर ब्यूटी आहे. बटन दाबलं की बॅटरी थेट कॉइलला." काकांनी चष्मा कपाळावर सरकवला. चष्मा वर गेला की आम्हाला कळतं, आता वर्ग भरणार. "कॉइल कितीची लावलीय?" "पॉइंट वन फाइव्ह ओहम." काकांनी पेन्सिल घेतली आणि वर्तमानपत्राच्या कडेला मांडलं. भरलेली बॅटरी ४.२ व्होल्ट, भागिले ०.१५, आले अठ्ठावीस अँपिअर. "आणि ही बॅटरी सुखाने किती देते?" जावयांनी फोनमध्ये पाहिलं. बघता बघता कान लाल. "वीस." काका म्हणाले, "वीसच्या बॅटरीतून अठ्ठावीस ओढायचे, मध्ये अडवायला कुणी नाही, आणि ते धरायचं माझ्या तोंडापाशी?" अहो, जावयांचा चेहरा! ती नळी त्यांनी कधी खिशात घातली ते कुणाला कळलंही नाही. काकूंनी लगेच चहा टाकला, जावई म्हणजे शेवटी जावई.

पण बघा, ह्याच भांडणाने काम झालं. जावयांनी घरी जाऊन सांगितलं असणार, कारण धाकटीचा फोन आला. म्हणाली, "बाबा, मला हे येत नाही, तुम्हाला येतं. तुम्ही सांगा, आपण मिळून घेऊ." काकू म्हणतात, पॅच काय, गम काय, ती पेनं काय, आम्ही सगळे ह्यांच्या छातीचा विचार करत बसलो, हातांचा कुणी केलाच नाही. मी मघाशी म्हटलं होतं ना, ते वाक्य लागणार आहे म्हणून? वळण्याचा नाद! तोंडाची सिगरेट सुटायला तयार होती, हाताची सुटत नव्हती.

मग काय घेतलं ते ऐका, उद्या तुमच्या दिरांना लागेल. डबा घेतला तो रेग्युलेटेड, म्हणजे आत चिप असलेला. ती कॉइलचा ओहम मोजून पडद्यावर दाखवते, तार कुठे टेकून शॉर्ट झाली तर पेटतच नाही, बटन चुकून दाबून राहिलं तर काही सेकंदांत आपोआप बंद. आकडे मोठे दिसणारा पडदा, ती अट काकांची. एका बॅटरीचा, कारण दोनवाला त्यांच्या अंगठ्याला जड. आणि टाकी घेतली इनोकिनची एरिज. ती त्या लोकांनी फिल बुसार्डो आणि दिमित्रिस आग्राफिओतिस ह्या वेपवाल्यांत नावाजलेल्या दोघांना सोबत घेऊन बनवलेली, खास सिगरेटसारखं घट्ट ओढायला. एकच कॉइल, दोनच खांब. दोन कॉइलींचीही असते, पण नवशिक्याने त्या वाटेला जाऊ नये, दोन्ही सारख्या तापायला हव्यात नाहीतर एक जळते. काकांना खरं म्हणजे ती कायफुन नावाची हवी होती, जर्मन. जर्मन म्हटल्यावर डोळे चमकलेच. किंमत ऐकून धाकटीने नुसतं त्यांच्याकडे पाहिलं. काका म्हणाले, "आधी ह्यावर हात बसू दे." पण तिच्या माहितीचं पान वाचून झाल्यावर घडी घालून ड्रॉवरमध्ये ठेवलं म्हणे. काकूंनी पाहिलं.

आणि तारेचं तर विचारूच नका. कांथल म्हणतात, मूळ स्वीडनची, हीटरमध्ये असते ना तीच जात. अठ्ठावीस गेजची. दहा मीटरचं रीळ, पाच-सहा पौंडांना. एका कॉइलला सहा-सात सेंटीमीटर पुरते. काकांनी मला थांबवून हिशेब दिला: एका रिळात दीडशे कॉइली! "तीन पौंडांच्या भावाने साडेचारशे पौंड!" मी म्हटलं, "काका, तेवढ्या ओढायच्या आहेत का?" तर हसले आणि विषय बदलला.

वळायचा दिवस तर मला चुकवायचा नव्हताच. संध्याकाळ होती, धाकटी आणि जावईही आले होते, मी म्हटलं वाटी परत करायचीय. काका अडीच मिलिमीटरच्या सळईवर तार गुंडाळताहेत, सहा वेढे, एकाला एक चिकटून, हात जराही हलला नाही. खांबांत अडकवली, कॉइल कुठे धातूला टेकत नाही ना ते भिंगातून पाहिलं, पडद्यावर आलं एक पूर्णांक शून्य आठ. "एकच्या आसपास हवी होती," म्हणाले, असे की विमान उतरवलंय. मग काकूंना म्हणाले, "दिवा घालव." किचनमध्ये अंधार, आणि ते बटन जरा जरा दाबताहेत, कॉइल हळूहळू लाल. ती मधून लाल व्हायला हवी, मग बाहेरच्या वेढ्यांकडे. एखादाच वेढा आधी पेटला तर चिनीमातीच्या चिमट्याने दाबून सारखं करायचं. लोखंडी चिमटा नाही हं, शॉर्ट होतं. हे सगळं कापूस घालायच्या आधी. मला आपलं वाटलं, बाहेरून कुणी पाहिलं तर काय म्हणेल, अंधारात सगळे मिळून काय पेटवताहेत!

आणि मग अडलं. कापूस. काकांनी ओवला तो घट्ट. तार मोजून वळता येते हो, कापूस मोजता येत नाही. बटन दाबलं, ओढलं, आणि असा जळका भपकारा की मांजर उठून गेलं. लिक्विड पोचतच नव्हतं आतपर्यंत. दुसऱ्यांदा सैल घातला तर टाकी गळली, टेबलावरचं मेणकापड चिकट. काका चिडले. मी काकूंकडे पाहिलं, काकू देवघराकडे. तुम्ही विचार करा, साठ वर्षं रोज निरांजनाच्या वाती वळणारी बाई, चातुर्मासात लाख वाती केलेली, आणि समोर नवऱ्याचा कापूस फसतोय! पण बोलेनात. मीच म्हटलं, "काकू, तुम्ही..." तर उसळल्याच. "देवाच्या कापसाला हात लावाल तर बघा!"

धाकटीने आधीच वेगळा कापूस आणला होता म्हणून निभावलं. ऑर्गॅनिक, ब्लीच न केलेला. पूजेचा चालतच नाही तसाही, त्यात सरकीचा कण न् धूळ असते, ते फुप्फुसात नको. मग काकू बसल्या. तळहातावर मांडीशी दोन वेळा फिरवला, टोक पिळून तारेतून ओवलं. ओढताना जरासा अडायला हवा, तार मात्र वाकता कामा नये. मग दोन्ही टोकं तिरपी कापली, शेपट्या बोटांनी पिंजून हलक्या केल्या, आणि खाचेत नुसत्या टेकवल्या, कोंबल्या नाहीत. वरून चार थेंब, पाच मिनिटं मुरू दिलं. काकांनी तेरा वॉट लावले आणि ओढलं. बाहेर थोडासा धूर, वास नाममात्र. काका काहीच बोलले नाहीत हो. यंत्र उलटंसुलटं करून पाहिलं, आणि म्हणाले, "बेस." लग्नानंतर काकूंच्या स्वयंपाकालाही एवढंच म्हणाले असतील. काकू उठून हात धुवायला गेल्या, पण मी पाहिलं ना, गाल लाल झाले होते!

आता त्यांचं बसलंय. काका तार, काकू कापूस. कापूस आठ-दहा दिवसांनी बदलायचा, तार तीच राहते. कापूस काढून लाल करून धुतली की परत चालते. पण एक सांगते, बॅटरीवरून मात्र धाकटीने बापाला फैलावर घेतलं. १८६५० म्हणतात त्या बॅटरीला, अठरा मिलिमीटर जाड, पासष्ट लांब. काकांनी जादा बॅटरी कार्डिगनच्या खिशात ठेवलेली, किल्ल्या आणि चिल्लर ह्यांच्यासोबत! दोन टोकांना किल्ली टेकली तर खिसा पेटेल. वरचं प्लॅस्टिक जरा जरी फाटलं तरी ती वापरायची नाही. मीटरं दुरुस्त केलेला माणूस, पण खाली मान घालून ऐकून घेतलं. आता प्लॅस्टिकची डबी आलीय. लिक्विड कुलपात, नातू येतो ना रांगता, ते पोटात गेलं तर विष आहे.

मग पुण्याचं. डिसेंबरात भाचीचं लग्न, काकांनी बॅग भरताना सगळी अवजारं व्यवस्थित डब्यात भरली. जावयांनी ह्या वेळी आधी फोनवर नीट वाचलं आणि मग बोलले, शहाणे झालेत. आपल्याकडे २०१९च्या कायद्याने ई-सिगरेट आणणं, विकणं, साठवणं, सगळ्यावर बंदी. नियम मोडून आणलं तर पहिल्याच खेपेला वर्षभरापर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. काका म्हणाले, "आणि मंडईपाशी टपरीवर सिगरेट?" "ती मिळते." काकांनी जे काही म्हटलं ते मी इथे सांगत नाही, तुमच्या घरी पाहुणे आहेत. लग्नात च्युइंगमच चघळणार म्हणे, कवळी सांभाळत. आणि २०२६च्या ऑक्टोबरपासून इथे लिक्विडवर कर येतोय, दहा मिलीला दोन पौंड वीस पेन्स, निकोटीन असो नसो. काकांनी त्याचा तक्ता करून फ्रिजवर लावलाय.

हो, आणि परवा जावयांचा भाचा आईबरोबर आला होता, वीस वर्षांचा. "आजोबा, मलाही एक बनवून द्या ना, कूल आहे." काका म्हणाले, "सिगरेट ओढतोस?" तो म्हणाला, "छे!" "मग तुला कशाला? धडधाकट माणसाला मी पॅच लावीन का?" पोराने मामाकडे पाहिलं, मामाने खिडकीबाहेर. त्याच्या आईला मात्र इतकं समाधान झालं, की निघताना ती काकांच्या पायाच पडली.

आता खरं सांगायचं ते. जरा आणखी जवळ या. त्या लिक्विडच्या बाटल्यांना मुलांना उघडू नये म्हणून दाबून फिरवायची झाकणं असतात. काकांच्या अंगठ्याने ती उघडतच नाहीत. तेव्हा टाकी भरतात काकू. रोज सकाळी, चहाबरोबर. तर त्यांनी काय केलंय... तुम्हाला म्हणून सांगते, तुमच्या ह्यांनासुद्धा बोलू नका... आधी निम्मं बारा आणि निम्मं सहा. म्हणजे नऊ. काकांना कळलं नाही. आता सगळं सहाच! कपाटात पुढे बाराची रिकामी बाटली उभी, मागे सहाच्या दडवलेल्या. काका कुरकुरतात, "हल्ली घशाला लागत नाही," आणि दोष कुणाला? तारेला! कधी सहाचे सात वेढे करतात, कधी हवेचं भोक अर्ध्यावर आणतात, कधी वॉट वाढवतात. झुरके जास्त मारतात, त्यामुळे बाटल्या लवकर संपतात, हे काकूंच्याही लक्षात आलंय. म्हणून तीनवर एवढ्यात जायचं नाही म्हणतात, ह्यांचं शरीर आधी सहाला रुळू दे. मी म्हटलं, "काकू, सांगून का नाही करत?" तर म्हणाल्या, "सांगितलं तर त्याचाही हिशेब मांडतील."

तेव्हा काका दिसले तर बारा, सहा हे आकडे चुकूनही तोंडातून काढू नका. कॉइल कशी वळलीत एवढंच विचारा. पण विचारण्याआधी गॅस बंद करून या हं, एकदा सुरू झाले की तासभर सोडत नाहीत.